आईचं पुण्यानुमोदन पुढं ढकललं

रविवार, १५ डिसेंबर

काल जळगावला पाच किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत तिसरा आलो. आज धुळ्याला दहा किलोमीटर, चौथा. संध्याकाळच्या एसटीने दीपनगरला परत.

आई गेल्यानंतरचा विधी, तिचं पुण्यानुमोदन, खरं तर आजच व्हायचं होतं. विहारातले भन्तेजी यायला तयार होते. मीच सगळ्यांना सांगितलं की त्यांना वेळ नाही, पुढच्या रविवारी करू. शर्यतींत नाव आधीच दिलं होतं, एवढंच कारण. एवढंच? आई गेल्यापासून घरात बसवत नव्हतं, हेही खरं. पण मग तसं सांगायचं होतं.

आज शेवटच्या फेऱ्यांत पाय बोलायला लागले. चालताना गुडघा वाकला की चूक धरतात, म्हणून पंचांनी ताकीद म्हणून पिवळी पाटी दाखवली, तर मला वाटलं, यांना माझं खोटं कळलं. भन्तेजींना वेळ नाही, हेच डोक्यात घुमत होतं.

घरी पोचलो तोच अक्काचा फोन. शिंदखेड्याची माझी मोठी मावशी. म्हणाली, "भन्तेजींसले टाईम नही, ते तू काय करशी? बठ्ठासले मी सांगी दिन्हं, पोऱ्याना काही दोष नही."

माझा दोष नाही असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलेलं, ते ऐकवेना. सगळं खरं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं,

"मंग पहिला उना का?"

"नाही अक्का. चौथा आलो."

"मायले थांबाडं, अन चौथा उना!" आणि फोन ठेवला.

रागावली की हसली, कळलं नाही. बाकीच्यांना उद्या मीच फोन करून खरं काय ते सांगणार.

मोजे धुतले आणि दोरीवर वाळत टाकले.