नोव्हेंबरातला मोहोर

हाले, १४ नोव्हेंबर

चि. हाइड्रुन हिस थोरल्या भावाचे पडल्या पडल्या अनेक आशीर्वाद. वि. वि.

खालच्या मजल्यावरच्या फ्राउ क्वांट यांच्याविरुद्ध तुझ्या दरबारी रीतसर तक्रार दाखल करतो आहे. ही बाई ऐन नोव्हेंबरात दिवसभर लिंडनच्या फुलांचा चहा उकळते आणि तो मधाळ वास जिना चढून माझ्या बिछान्यापर्यंत येतो. जूनमध्ये, मोहोरल्या झाडाखाली, तो मला प्रिय आहे. पण अकाली मोहोर शास्त्रात अशुभ मानला आहे. काल काठीने जमीन ठोकून तिला वर बोलावले. ती म्हणाली, प्राध्यापकसाहेब, मी जन्मात कॉफीशिवाय काही उकळलं नाही, आणि वास तुमच्याच खोलीतून येतोय. हे तिने दारातूनच सांगितले. आत आली नाही.

नडगीची जखम तशीच. शस्त्रक्रियेनंतर हाड जुळले, कातडी अजून रुसलेली. पट्टी बदलायला येणाऱ्या इल्काबाई म्हणतात, पट्टीवर हिरवट डाग पडतात. संस्कृतच्या मास्तरांवर शेवाळ धरायचेच, असे मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

चौकशी पत्रानेच करावी; फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा फोल्कमार

ग्राइफ्सवाल्ड, १९ नोव्हेंबर

ती. फोल्कमारदादास शि. सा. न. वि. वि.

आधी फ्राउ क्वांटची माफी माग. तुझ्या जखमेतला नमुना इस्पितळाने आमच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. काल त्यातले जंतू वाढवलेली काचेची बशी उघडली, तर झाकण पुरते उचलायच्या आत लिंडनचा वास. पलीकडच्या टेबलावरून माझी सहकारी विब्के म्हणाली, फुलं कुणी आणली गं? फुले नव्हती, दादा. या जंतूचा वासच तसा. हिरवा रंगही त्याचाच. इतकी वर्षे मी त्याला ओळखते, पण आजवर तो परक्यांचा होता. घरी जाताना बसमध्ये कोटाची बाही हुंगत होते.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी दिलेली तिन्ही औषधे या जंतूने पचवली आहेत. नाताळपर्यंत तो हटला नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, हे त्यांनी तुलाही सांगितले आहे म्हणे. आणि तू मला शेवाळाचा विनोद लिहितोस.

एक वाट आहे. आम्ही चांदीचे कण करतो, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके सूक्ष्म, आणि त्यांच्या अंगावर तेच जुने औषध बसवतो. तुझ्या जंतूने औषध घरात घुसले की बाहेर ढकलायची कला साधली आहे. चांदी त्याच्या भिंतीलाच भोके पाडते. मग औषध तो किती ढकलणार? एका रोग्यापुरती परवानगी मागितली आहे. कागदावर सही कर, टिपा लिहू नकोस.

धाकटीवरचा लोभ त्या सहीत दिसावा.

हाइड्रुन

हाले, २४ नोव्हेंबर

चि. हाइड्रुन हिस आशीर्वाद. वि. वि.

सही केली, टीप एकच लिहिली, तीही खोडली. फ्राउ क्वांटची माफी मागितली. ती म्हणाली, त्यात काय, आणि लगबगीने खाली गेली.

आमचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, सांगतात, वास आहे तिथे वस्तू असलीच पाहिजे. हे मी वर्गात आयुष्यभर शिकवले. आता वस्तू मीच आहे.

तुझे पत्र वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बाबा पाठीच्या जखमांनी अंथरुणाला खिळले होते तेव्हा आई म्हणायची, यंदा लिंडन लवकर मोहोरला. आपल्यालाही वास यायचा. तो फेब्रुवारी होता, हाइड्रुन.

तुझा दादा

ग्राइफ्सवाल्ड, ८ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मला आठवते ते एवढेच, की मी खिडकीतून पाहिले आणि फांद्या उघड्या होत्या. तरी आईचे खरे मानले.

आता ऐक. बशीत नुसते औषध घातले, तुझा जंतू खुशाल वाढला. नुसती चांदी घातली, थोडा बिचकला. दोन्ही एकत्र घातली, तर थेंबाभोवती स्वच्छ रिकामे वर्तुळ पडले. परवानगी आली आहे, मलम उद्या तुझ्या डॉक्टरांकडे पोचेल. पण बशी म्हणजे पाय नव्हे, हे विसरू नकोस.

एक वेडेपणा सांगते. ती बशी वाफेत घालून नष्ट केली, बशा ठेवायचे कपाट धुतले. तरी दार उघडले की मला मोहोराचा वास येतो. विब्के म्हणते, तिला येत नाही.

माया आहेच, ती पट्टीखालीही पोचो.

हाइड्रुन

हाले, २० डिसेंबर

चि. हाइड्रुन हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझे रौप्यमलम रोज लागते आहे. जखमेची कड गुलाबी दिसते, असे इल्काबाई म्हणतात. त्यांना पडसे आहे, त्यामुळे वासाबद्दल त्यांची साक्ष ग्राह्य नाही. नव्या तपासणीचा निकाल सोमवारी. डॉक्टर त्यानंतरच बोलणार.

आणि वास गेला. परवा सकाळी जागा झालो, खोली कोरी. तुला लगेच लिहायला बसलो होतो. तेवढ्यात फ्राउ क्वांट नाताळचा केक घेऊन आली. या वेळी चक्क आत आली, मला बरे वाटले. तिने केक ठेवला, तब्येत विचारली, आणि बोलता बोलता, बाहेर बर्फ पडत असताना, खिडकी उघडली.

वस्तू असेल तर जाणवेलच, जाणवत नाही म्हणजे नाही, हा न्याय नाक शाबूत असेल तरच लागू. माझे आहे का, हे मला कळत नाही. पुढचे तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. आई एके सकाळी म्हणाली होती, मोहोर सरला. त्याच आठवड्यात बाबा गेले.

विनोद सुचत नाही, म्हणून सरळ लिहितो. मला भीती वाटते. सोमवारच्या आत ये. काही बोलू नकोस, सामान खाली ठेवायच्याही आधी दारात उभी राहा, एक श्वास घे, आणि मला खरे सांग.

फोल्कमार