दाखल्यामागचं पान

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला फक्त रागावलेलाच आठवतो. त्यात माझा दोष नाही, हळू बोलणं तुम्हाला जमायचंच नाही. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी आणि राग आला की थेट तापीकाठची अहिराणी. आम्ही घरी पावरी बोलणारी पोरं, आम्हाला दोन्ही भाषा परक्या. पण अहिराणी निघाली की गप्प बसायचं, एवढं पहिलीतल्या पोरालाही कळायचं.

तोरणमाळच्या डोंगरातली तुमची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे आठवीला खालच्या गावातलं हायस्कूल. तुमची पोरं मोठ्या हौसेनं खाली जायची आणि वर्षभरात परत वर येऊन गुरं राखायची. डोंगरातली पोरं गणितात कच्ची, असं खाली सगळे म्हणायचे, आणि सुरुवातीला तुम्हालाही ते खरं वाटलं असावं. कारण सातवीतल्या आम्हा चौघांना, मी आणि तीन मुलगे, तुम्ही शाळा सुटल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात बसवायला लागलात. काकू चुलीपुढे भाकरी थापतायत, धुरानं डोळे चुरचुरतायत आणि तुम्ही पाटीवर बीजगणित मांडताय. एकदा तुम्ही मला क्षची किंमत काढायला सांगितलीत. मी म्हणाले, ज्याचा क्ष आहे त्यालाच विचारा ना. काकूंना हसू आवरेना. तुम्ही मात्र पाटी आपटलीत. "खाले आशी बोलशी ते नाव काढी टाकतीन!" त्या रात्री जेवण मात्र तुमच्याच घरी झालं, ठेचा आणि गरम भाकरी.

खाली गेले आणि मला ते गाव मुळीच आवडलं नाही. वसतिगृहाच्या खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. वर्गातल्या मुली माझ्या बोलण्यावर हसायच्या. बीजगणित मात्र येत होतं, तुमच्या चुलीची कृपा. मग फाल्गुन आला. हायस्कुलात होळीची एक दिवस सुट्टी आणि दुसऱ्याच दिवसापासून वार्षिक परीक्षा. आमच्याकडे होळी एका दिवसात कुठली संपायला! आधी होळीच्या खरेदीचा भोंगऱ्या बाजार, मग आज या गावची होळी, उद्या त्या गावची. त्या वर्षी माझ्या बापानं होळीचं व्रत घेतलं होतं, डोक्याला मोरपिसं, कमरेला घुंगरू. त्याला सोडून पेपर लिहायला कोण येणार? आम्ही चौघंही गेलो आणि होळ्या संपल्यावरच उतरलो. तोवर परीक्षा आटोपली होती, आणि आमची नावं कमी करायचं ठरत होतं.

ते कळल्यावर तुम्ही तो घाट पायी उतरून आलात. हेडमास्तरांशी भांडाल असं वाटलं होतं, पण तुम्ही आधी जुनी निकालपत्रकं मागून घेतलीत आणि व्हरांड्यात बसून दुपारभर चाळलीत. तिथे तुम्हाला दिसलं ते इतक्या वर्षांत कुणालाच दिसलं नव्हतं. आमच्या एकाही पोराला गणितात भोपळा मिळाला नव्हता. गुणांच्या रकान्यात गुणच नव्हते, 'गैरहजर' एवढंच लिहिलेलं होतं, आणि दर वर्षी तारखा होळीच्याच. हेडमास्तर म्हणाले, "घाबरून पळतात हो, होळीचं निमित्त." तुम्ही म्हणालात, एकाला बोलावून विचारा. आणि बोलावलं मला.

दाराशी कारकुनानं मला अडवलं. भला माणूस होता. हळूच म्हणाला, "ताप व्हता आसं सांग पोरी, परत परीक्षा लेतीन." आजारी मुलांची परीक्षा पुन्हा घ्यायचा नियम होता. मी आत गेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. हेडमास्तरांनी विचारलं, परीक्षेला का आली नाहीस? मी म्हणाले, "होळी होती. नाचत होते."

हेडमास्तर म्हणाले, "शाळेचं वेळापत्रक आता यांच्या होळीवर ठरवायचं का?" आणि तुमची अहिराणी सुटली. "दिवाळीले सुट्टी देतस ना तुम्ही? मंग? त्यासनी दिवाळी होळीच शे! पोरं येडा नही शेतस, तारीख येडी शे!"

त्या वर्षी आमची परीक्षा पुन्हा, वेगळी घेतली गेली. चौघंही पास झालो. पण तुम्ही तेवढ्यावर थांबणारे नव्हतात. पुढच्या वर्षीपासून डोंगरातल्या पोरांची परीक्षा होळीनंतर, हे हेडमास्तरांकडून लिहून घेतलंत. हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तरांना उन्हाळ्याआधी वर आणून सातवीला शिकवायला लावलंत, बिचारे घाटात तीन वेळा बसले. आणि प्रत्येक पोराच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यामागे तुमच्या हातचं एक पान शिवायला लागलात. 'याला पाढे तोंडी येतात, लिहिताना घाबरतो.' 'याला मागच्या बाकावर बसवू नये.' आमची पानं तुम्ही मागाहून लिहून खाली पाठवलीत. तेव्हाच्या अकरावी मॅट्रिकनंतर हेडमास्तरांनी त्याला आपलं पान जोडलं, आणि कॉलेजात गेले तेव्हा प्राचार्यांनी माझ्याआधी ती पानं वाचली. नवी जागा, नवी माणसं, पण मी कोण हे तिथे आधीच पोचलेलं होतं. पुढे डोंगरातली किती पोरं त्या वाटेनं गेली, मी मोजली नाहीत. माझ्या वर्गात त्यांची पोरं बसली, एवढं सांगते. मीही मास्तरीण झाले आणि शेवटच्या वर्षापर्यंत दाखल्यामागे पान जोडत राहिले. तुमचा मला फार अभिमान आहे, गुरुजी. समोर असतात तर हे म्हणायची माझी छाती झाली नसती.

माझं पान माझ्यापाशीच आहे. शाई फिकी झाली तरी अक्षर लागतं. 'ही मुलगी नुकसान सोसूनही खरे बोलते.' प्राचार्यांनी ते वाचून मान डोलावली होती. तुम्ही तर ती गोष्ट दर वर्षी नव्या पोरांना सांगायचात, आणि मी तिथे असले तर खाली मान घालून ऐकायची. विनय म्हणून नव्हे. गुरुजी, ताप होता म्हटलं तर परत परीक्षा होणार, हे मला नीट कळलं होतं. होळी म्हटलं की नाव कटेल आणि तुमच्यासोबत त्याच दिवशी डोंगर चढून घरी जाता येईल, म्हणून मी होळी म्हणाले.

हे कागद त्याच पानामागे शिवून ठेवते आहे. तिथलं अक्षर तुमचं आहे, ते मी खोडणार नाही.