सासरेबुवांचा आवाज आणि माझी नवी रॅम

२ मार्च, सकाळ
ठरलं. घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवायची. बायको नवा कॉम्प्युटर घेऊ म्हणत होती. मी नुसता हसलो.

प्रसंग गंभीर आहे म्हणून नीट लिहून ठेवतो. महिनाअखेर सासरेबुवांच्या गळ्याचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. त्याआधी त्यांनी ठरावीक वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. मग नंतर ते जे टाइप करतील ते एक यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. वाक्यं शेकड्यांनी. दवाखान्यातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी बजावलंय, आवाज आहे तोवर उरका. सासरेबुवांनी जन्मभर भाजी मार्केटात लिलाव पुकारले. बाबांचा आवाज गेला तर बाबांचं काय उरणार, असं बायको काल म्हणाली आणि उठून आत गेली.

आणि आमचा कॉम्प्युटर एक वाक्य सेव्ह करताना चार जांभया देतो. मी घरात असताना हे चालणार नाही.

२ मार्च, संध्याकाळ
दुकानदार भलताच चिकट. म्हणे जुन्या रॅमसोबत वेगळ्या वेगाची लावू नका, एकसारखी जोडी घ्या. अगदीच लावायची तर दोन्ही, जी हळू असेल तिच्या वेगाने चालू द्या आणि आधी मेमरी टेस्ट करा. माल खपवायचे धंदे. एकच घेतली. त्याच्याकडची सगळ्यात वेगवान.

४ मार्च
बसवली. स्वतः. बोटाला जरासं खरचटलं.

एकच गोष्ट खटकली. नवी रॅम खरंच जुनीच्या चालीने चालते. ऑफिसात माझं आणि हेडक्लार्कचं हेच झालंय. घरात तरी हा अन्याय नको. सेटिंगमध्ये शिरून दोघींना नवीचा वेग लावला. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा झाला. म्हणजे पटलं त्याला.

टेस्टला अर्धा दिवस लागतो. ज्याला स्वतःवर विश्वास नाही त्याने करावी.

६ मार्च
काय वेग! सासरेबुवांचं वाक्य संपायचा अवकाश, की सेव्ह. ते म्हणाले, मशीन पळतंय, आता माझाच दम पुरेना. बायकोसुद्धा हसली. कित्येक दिवसांनी.

आधीची रेकॉर्डिंग बायकोने पेन ड्राइव्हवर ठेवली होती. तीही कॉम्प्युटरवर घेतली आणि पेन ड्राइव्ह पुसून टाकला. सगळं एका जागी बरं. पसारा मला खपत नाही.

१० मार्च
वाचन चालू असताना स्क्रीन अचानक निळा. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. गरमीमुळे. खिडकी उघडली.

११ मार्च
पुन्हा निळा. दोनदा. विजेचा दाब कमीजास्त होत असणार. खिडकी लावून घेतली, बाहेरची धूळ नको.

१३ मार्च
सासरेबुवांनी एक रेकॉर्डिंग ऐकलं. मध्येच करकर येते म्हणाले. मी माईक पुसला. तरी करकर. मग त्यांना समजावलं की घसाच तसा झालाय, यंत्र जे आहे तेच दाखवणार. त्यांनी पुढचं वाक्य वाचायला घेतलं. बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

स्पष्ट बोलणं लोकांना झेपत नाही.

१६ मार्च
घरात कोणी नसताना चारपाच फाइली ऐकल्या. एकीत सासरेबुवा 'आज हवा छान' म्हणतात, मग काहीच नाही, मग एकदम दुसऱ्याच वाक्याचा शेवट. आणखी एकीत एकच अक्षर कितीतरी वेळ. बंद करायला गेलो तर बंद होईना. त्यांचाच आवाज, पण त्यांचा वाटेना. घाबरलो, असं नाही. स्पीकरची वायर काढली.

निश्चय: रविवारी नवी रॅम काढून ठेवायची. कोणाला सांगायची गरज नाही.

१७ मार्च, रविवार
नाही काढली. मधेच काढली तर बायको विचारणार का काढली. वाक्यं थोडीच उरलीत. एकदा पूर्ण झाली की निवांत बघू. अशा किरकोळ चुका दवाखान्यातले लोक दुरुस्त करत असतीलच.

१८ मार्च
दवाखान्यातून फोन. तपासणीत गाठ वाढलेली दिसली, ऑपरेशन अलीकडे आणलं. परवाच. घरात कोणी नीट जेवलं नाही.

बायको म्हणाली, सगळ्याची कॉपी करून ठेवा. केली. त्याच पुसलेल्या पेन ड्राइव्हवर. कॉम्प्युटरने 'कॉपी पूर्ण' असं स्वच्छ लिहून दाखवलं. तिने विचारलं, ऐकून बघितलंत ना? मी हो म्हणालो. ऐकलं होतंच की, परवा.

१९ मार्च
शेवटची वाक्यं. सासरेबुवांचा आवाज पार बसलाय. एकेका ओळीनंतर पाणी. तरी खुर्चीत ताठ बसून, समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखी सगळी संपवली. मग म्हणाले, एखादं लावा, ऐकू तरी. मी म्हणालो, कॉम्प्युटर जरा कामात आहे.

"असू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "पुढं तेच ऐकायचंय."

२० मार्च
ऑपरेशन व्यवस्थित. डॉक्टर खूश. बायको रडली. मीही, थोडा.

२७ मार्च
वाचातज्ज्ञ बाईंचा फोन. बऱ्याच फाइली उघडतच नाहीत. उघडतात त्या तुटलेल्या. एवढ्यावर आवाज तयार होणार नाही, मूळ प्रती पाठवा.

बायको दारात उभी होती. "पेन ड्राइव्हवर होती ती कुठंयत?"

विजेच्या दाबाबद्दल सांगायला लागलो. ती तिथून गेली.

मेमरी टेस्ट लावली. स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी. नवी रॅम काढून टेस्ट पुन्हा लावली. एकही नाही. कॉम्प्युटर आता हळू आहे आणि एकदम ठणठणीत.

५ एप्रिल
पुसलेलं परत आणून देणाऱ्याकडे जाऊन आलो. जागेवर दुसरं काही लिहिलं गेलंय म्हणाला. मीच लिहिलं होतं, तीच कॉपी. दुकानदाराशी भांडायचं ठरवलं होतं. त्याच्या दुकानावरून दोनदा गेलो, आत नाही गेलो.

९ एप्रिल, संध्याकाळ
सासरेबुवा घरी आले. यंत्र मिळालं. त्यात कंपनीचा तयार आवाज आहे, कोणा तरुण माणसाचा. उच्चार स्वच्छ.

मी समोर बसलो होतो. निदान तोंडावर कबूल करायचं ठरवलं होतं. त्यांनी हात करून थांबवलं. मला वाटतं त्यांना माहीत आहे. मग एका बोटाने हळूहळू टाइप केलं. बायकोला ते लहानपणापासून 'ठमे' म्हणतात, तिला हाक मारायची होती. यंत्र म्हणालं, "ठमे, जरा इकडे ये."

ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दार उघडंच होतं. तिने मान वर केली नाही.

सासरेबुवांनी बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा एकदा. ती आतूनच म्हणाली, तो टीव्ही जरा हळू करा, बाबांना आराम पडू दे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि बाबा बोलावतायत म्हणून तिला सांगायला गेलो.