चंद्र दोघांनी पाहिला

शमें ग्रेनिए, शुक्रवार ५ सप्टेंबर १९८६

मला कुणी विचारलं नाही. गणपती माझ्या घरात बसतो, माती मी मळते, मोदक मी वळते, आणि त्याच्यासमोर व्हिडिओ लावायचा हे ठरवलं कुणी? दत्तूने. माझा मुलगा. बस चालवतो, म्हणून घरही आपणच चालवतो असं वाटतं त्याला.

पांपलमूसचे लोक रविवारी येणार. म्हणायला दर्शनाला. खरं म्हणजे माझ्या नातीला बघायला. आमच्यात असंच. मुलगी बघायला आलो असं तोंडाने कुणी म्हणत नाही, देवाचं नाव सांगून येतात. नाही जमलं तर कुणाची मान खाली नको. मुलगा सुरेश, पोर्ट लुईत सरकारी नोकरी. मशीन तोच आणणार, कॅसेटही तोच. मग दत्तू कसा नाही म्हणेल?

रोहिणी कॉलेजात पोरींना सायन्स शिकवते. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडलं. या वेळी नाही म्हणाली नाही. पितों गावात कुणाच्या लग्नात दोघं भेटली होती म्हणे, आणि आकाशातल्या कसल्याशा गोष्टीवरून भांडली. भांडण झालं म्हणून मुलगा आवडला. आता यावर मी काय लिहू.

शनिवार ६

सोंड दोनदा पडली. माती ओली. तिसऱ्यांदा बसली.

रो.ला सांगितलं, उद्या चतुर्थी, दिवस मावळला की बाहेर मान वर करायची नाही. पश्चिमेची खिडकी मी बंद करून वर गोणपाट टांगलं. त्या रात्री चंद्र दिसला की खोटा आळ येतो. देवालाही सोडलं नाही, मण्याची चोरी आली त्याच्या अंगावर.

रो. हसली. "आजी, चंद्र बघितला तर पोलीस येतात?"

म्हटलं, "पोलीस परवडला. लोक येतात."

सोमवार ८, सकाळी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

पां.वाले चारच्या सुमाराला आले. सुरेश, त्याचा बाप, त्याची आई. बाप हसरा माणूस. आई घरात आल्यापासून भिंती बघत होती, रंग कुठे उडालाय ते. आरती झाली, मोदक खाल्ले. मग गणपतीच्या बाजूला टीव्ही, टीव्हीखाली मशीन, आणि आळीतली सगळी पोरं जमिनीवर.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदाच काय दाखवावं? चंद्र! परातीएवढा! चतुर्थीला, देवासमोर! मी ओरडले आणि खांद्यावरचा पंचा टीव्हीवर टाकला. सगळे खो खो हसले. रो. म्हणते, "आजी, तो चंद्र नाही, काचेमागचा दिवा आहे." सुरेशचा बाप म्हणाला, चित्रातला चालतो. पाहुणा बोलला म्हणून पंचा काढला आणि डोळे मिटून बसले. पण असले आवाज! थोड्या वेळाने उघडलेच.

आपल्याच समुद्रातलं, आपल्यासारखंच एक बेट दाखवलं होतं. तिथून अग्निबाण सुटतो आणि माणसं चंद्रावर जातात. वर एक बाण फुटला, धडाम! मी दचकले. रो. म्हणाली, "खोटं. तिथे हवा नाही, आवाज कुठून येणार?"

सुरेश म्हणाला, "आवाज नसता तर आजी दचकल्या असत्या का?"

"म्हणजे सिनेमा आजीसाठी काढलाय?"

मग चंद्रावर एकाने निशाण रोवलं. ते फडफडलं. रो. म्हणाली, वारा नाही. तो म्हणाला, काठी हलली. रो. म्हणाली, काठी हलवून हलवून त्याचा हात मोडला असेल. मग त्यातल्या पुढाऱ्याने डोक्यावरची काचेची टोपी काढून नाक पुसलं. रो. ओरडली, "मेला!" सुरेश म्हणाला, "चंद्रावर जाऊन सर्दीने कुणी मरत नाही." पोरं लोळत होती हसून.

मी धसकले. बघायला आलेल्या मुलाशी मुलगी असं बोलते? माझ्या वेळी मी नवऱ्याचे पाय पाहिले होते, तेही लग्नानंतर. पण मीही विचारलं, "हे लोक चंद्रावर चालतात, त्यांना आळ येत नाही?" सुरेश म्हणाला, "आजी, ते चंद्राकडे बघत नाहीत, पायाखाली बघतात." पोरगा बरा वाटला मला. लिहून ठेवते, तेव्हा बरा वाटला.

मग बेटावरून दिसणारी चंद्राची कोर दाखवली. कोयता भिंतीला टांगावा तशी उभी. रो. म्हणाली, "हे तर साफ चूक. आपल्या समुद्रात कोर अशी उभी नसते. आडवी असते, पिरोगसारखी." कोळ्यांची होडी म्हणजे पिरोग.

सुरेश म्हणाला, "चंद्र एकच आहे. सगळीकडे सारखाच दिसतो. मोठे मोठे प्रोफेसर विचारून सिनेमा काढतात."

"प्रोफेसर थंड देशातले. त्यांनी त्यांच्या खिडकीतून बघितलं."

"आज चौथा दिवस, बाहेर कोरच असेल. चला, बघू."

हे मी कानाने ऐकलं. मी दाराशेजारी बसले होते, बाकी सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. रो. म्हणाली, "आज नको. आजी रागावेल. उद्या बघू." तो म्हणाला, "उद्यापर्यंत तुम्ही जिंकलात म्हणून गावभर सांगाल." आणि उठून कडी काढली. त्याने काढली. रो. मागून गेली.

मला उठायला वेळ लागतो. गुडघे. भिंतीवरचं सूप काढलं, डोक्यावर धरलं आणि त्या सुपाखाली वाकून अंगणात गेले. दोघं तुळशीपाशी, माना वर. पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांवर तो असणार. मी पाहिला नाही. रो. क्रेओलमध्ये ओरडली, "मो फिन गान्ये!" जिंकले म्हणून. "आजी, आडवा! अगदी होडीसारखा!" आणि सुरेश हसत म्हणाला, "मो फिन पेर्दी. हरलो."

म्हटलं, तुम्ही दोघंही हरलात. आता उतारा करा. माझ्या आईने सांगितलेला उतारा, चतुर्थीचा चंद्र दिसलाच तर शेजाऱ्याच्या छपरावर दगड मारायचा. शेजारी शिव्या देतो. शिव्या खाल्ल्या की आळ तेवढ्यावर फिटतो. रो. नाही नाही म्हणत होती, मी दगड तिच्या हातात दिला. शेजारी ठकूबाई, पत्र्याचं छप्पर. खणकन वाजलं! ठकू बाहेर आली आणि तिने रो.च्या सात पिढ्या काढल्या, त्यात मीही आले. ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, सुटली पोरगी.

सुरेशला म्हटलं, तूही मार. तो म्हणाला, "आजी, मी सरकारी नोकर."

सोमवार ८, संध्याकाळी

विसर्जन झालं. नदीला पाणी कमी, बाप्पा गुडघाभर पाण्यात उभा राहिला, मग कलंडला.

ठकू वाटभर बोलत होती. झांजा वाजवायच्या आणि मध्ये बोलायचं. मी पुढे होते, माझ्या मागे बायकांची कुजबुज. शेवटी इंदू, माझी सून, कानाशी येऊन म्हणाली. ठकू सांगते, रोहिणी आणि तो मुलगा अंधारात तुळशीमागे होते. आणि म्हातारी डोक्यावर सूप घेऊन राखण करत होती.

राखण! मी!

ठकूला बाहेर कुणी काढली? दगडाने. दगड कुणी दिला? ज्या उताऱ्याने आळ जायचा त्यानेच आणला. आईला विचारावं तर आई नाही.

गुरुवार ११

दुकानातल्या टेलिफोनवर पां.हून निरोप. दत्तूने घेतला. येऊन खुर्चीत बसला, बूट तसेच.

सुरेशची आई म्हणाली, तुमच्या मुलीने आमच्या मुलाला अंधारात बाहेर बोलावलं. इथपर्यंत बातमी आली. तरी आम्ही मोठ्या मनाचे. मुलीने आमच्या पाया पडून चुकले म्हणावं, सगळ्यांसमोर. मग पितरपाख लागण्याआधी साखरपुडा उरकू. रविवारी येतो, उत्तर तयार ठेवा. नाहीतर मशीन तेवढं परत द्या.

हो, मशीन इथेच आहे. त्या रात्रीच्या गडबडीत राहिलं.

तिने बोलावलं? तिने?

शुक्रवार १२

रो.ने दत्तूला एवढंच विचारलं, "सुरेश काय म्हणाला?"

दत्तू म्हणाला, "काही नाही. आईच्या शेजारीच उभा होता, आवाज आला त्याचा, खोकल्याचा."

मी म्हटलं, "दत्तू, कडी त्याने काढली. मी पाहिली. ती नको म्हणत होती."

"आई, तू गप्प. आपण मुलीकडचे. एकदा वाकलं की संपलं. नाहीतर दुसरं स्थळ येणार आहे का आता? सगळ्या गावात झालंय."

रो. म्हणाली, "पप्पा, मी चुकले म्हणेन. त्याने फक्त चंद्र उभा होता असं म्हणावं. आहे का त्याची तयारी?"

दत्तूला कळलं नाही. मला कळलं. खोटं बोलायचं तर दोघांनी बोलायचं.

आणि मग इंदू बोलली. या घरात आल्यापासून दत्तूसमोर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "चंद्र दोघांनी पाहिला. आळ एकीवर का?"

दत्तू तिच्याकडे बघतच राहिला. मी पण. सिनेमात माणूस काचेची टोपी काढतो आणि मरत नाही, तेव्हाही मला एवढा धक्का बसला नव्हता.

शनिवार १३

रो. उसाच्या बाजूच्या पायरीवर बसली होती. सरळ विचारलं, मला फिरवून विचारता येत नाही.

"आवडला होता?"

"हो."

"आणि आता?"

"आजी, त्या दिवशी तो हरलो म्हणाला ना, लगेच, हसत. पुरुष असं म्हणताना मी पाहिला नव्हता. म्हणून आवडला. घरी गेल्यावर तोच मुका कसा झाला?"

म्हटलं, हरलो म्हणणं तुझ्यासमोर सोपं. आईसमोर म्हणून दाखवू दे.

"आणि नाही म्हणाला तर?"

पाठीवर हात वगैरे मला जमत नाही. शेंगा सोलायला दिल्या.

ठकू कुंपणावरून बघत होती. तिला म्हटलं, ये, आत ये, उद्या पुन्हा सिनेमा आहे, पुढची जागा तुझी.

रविवार १४, सकाळी

ते नऊच्या बसने निघाले म्हणे.

दत्तूने नवा शर्ट घातलाय. रो.ने कॉलेजातली साडी नेसली, सणाची नाही. मशीन कपड्यात गुंडाळून दारापाशी ठेवलंय. जाईल किंवा राहील. दाराची कडी लावून घेतली आहे, मुद्दाम. ठोठावतील तेव्हा मी काढीन, आणि काढताना सगळ्यांना दिसेल कशी निघते ती, आवाज करून.

घरातल्यांना आत्ताच सांगितलं, इथेही लिहिते, नंतर कुणी फिरवायला नको. आल्या आल्या पाया कुणी पडायचं नाही. आधी चहा नाही. आधी माझा प्रश्न, चतुर्थीला ही कडी कुणी काढली? दत्तूने तोंड उघडायचं नाही. इंदू, तूही नाही, तुझं बोलून झालं. रोहिणीने तर मुळीच नाही. त्याच्या आईने मध्ये बोलायचं नाही, बोलली तर मी सूप काढीन. उत्तर सुरेशने द्यायचं. त्याने स्वतः, आणि मान वर करून.