डाग्नीबाईंच्या अँप्लिफायरची गुणगुण

व्हिबोर्ग,
रविवार, जेवणं आटोपल्यावर

आदरणीय विगोदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे एस्किल्डचा, मनापासून नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मार्गिटवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. नवा गुडघा जुन्यापेक्षा बरा चालतो का, ते सवडीने कळवावं. (जुनं बरं की नवं, हा प्रश्न सध्या माझ्या डोक्यात असा ठाण मांडून बसलाय की दुसऱ्याच्या गुडघ्याकडेही मी त्याच नजरेने बघतो. राग मानू नये.) आमच्या सौ. सोल्वायची तब्येत ठणठणीत, तिची जीभ त्याहून ठणठणीत. वहिनींनी पाठवलेलं हेरिंग माशाचं लोणचं पोचलं आणि संपलंही.

तर दादा, आमचा अँप्लिफायर ईस्टरमध्ये वारला. चर्चमधल्या गायकवृंदाची रेकॉर्ड लावली होती, सगळे एकदम वरच्या पट्टीत गेले, आणि पेटीतून धुराचं एक बारीकसं वेटोळं निघालं. साखर करपल्यासारखा वास सुटला. सोल्वाय आधी ओव्हन बघायला धावली. अँप्लिफायर गेला म्हणजे काय गेलं, हे तुमच्यासारख्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला सांगायला नको, पण तिला सांगावं लागलं: रेकॉर्डवरून येणारा आवाज अगदी मरतुकडा असतो, त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा तो हा. त्यावर ती म्हणाली की मग घरात थोडे दिवस शांतता राहील, हे तिला चालण्यासारखं आहे.

मला चालण्यासारखं नव्हतं. कोरा करकरीत घेणं पेन्शनीत बसत नाही, म्हणून वापरलेला घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच गोत्यात आलो. वापरलेल्या अँप्लिफायरवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, घ्यायचा तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा घ्या, तेव्हा कारखानदार लोखंड-तांब्यात हात आखडता घेत नव्हते. दुसरा म्हणतो, तसला घेणं म्हणजे म्हाताऱ्याशी लग्न करून त्याची औषधं सांभाळणं. आतले वीज साठवणारे कपॅसिटर वाळून गेलेले असतात, दहा-बारा वर्षांपूर्वीचा घ्या आणि सुखाने झोपा. मी दोन्हीकडचं सगळं वाचून काढलं. ज्याचं वाचावं त्याचं पटतं. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, तिथे बरं होतं, नदी कुठल्या समुद्राला मिळते यावर दोन मतं नसतात. (तुमचं मत मला ठाऊक आहे: नवं ते नवं. म्हणूनच तुम्हाला विचारलं नाही. मला उत्तर नको होतं, मला शोधायचं होतं.)

अशात लोग्स्टरहून एक जाहिरात दिसली. दोन अँप्लिफायर, एक जुना, एक नवा, पैकी एकच विकायचा आहे. फोन केला तर डाग्नी नावाच्या बाई बोलल्या. त्यांचे यजमान आस्गर फेरीबोटीवर इंजिनिअर होते, ते मागच्या साली गेले. मी आपलं ओघात सांगून गेलो की या विषयात माझा बराच अभ्यास आहे. हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

घर खाडीला लागूनच. दोन्ही यंत्रं बैठकीच्या खोलीत शेजारी-शेजारी मांडलेली. जुना म्हणजे पाव भाजायच्या भट्टीएवढा, दोन्ही बाजूंना उष्णता सोडणाऱ्या काळ्या पट्ट्या, चालू केला की असा उबदार व्हायचा की बाईंची मांजर त्याच्यावरच झोपायची. नवा एखाद्या जाड पुस्तकाएवढा, निळा ठिपका लावून गप्प, हात लावला तर थंडगार. मांजर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मी कान टवकारून बसलो, तेवढ्यात डाग्नीबाईंनी कॉफी पुढे केली आणि म्हणाल्या, "मास्तर, यातला एक ठेवायचा आणि एक विकायचा. मला यातलं काही कळत नाही. मी कुठला ठेवू ते तुम्ही सांगा, उरेल तो तुम्ही न्या."

दादा, विकत घेणाऱ्यालाच न्यायाधीश केलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मी विचार करून सांगतो म्हणालो आणि लागोपाठ काही शनिवार तिथे जाऊन ऐकत बसलो. नव्यावर सगळं लख्ख ऐकू यायचं, प्रत्येक वाद्य आपापल्या बाकावर नीट बसलेलं, हजेरी घ्यावी इतकं. जुन्यावर तसं नाही, पण गाणारा खोलीत येऊन बसायचा. चेलो वाजला की कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटायचं. हे का होतं? तीच रेकॉर्ड, तीच सुई, तेच स्पीकर. मी पुढून ऐकलं, पाठमोरा होऊन ऐकलं, एकदा जमिनीवर आडवा होऊनही ऐकलं. (मांजर येऊन छातीवर बसली, त्यामुळे तो प्रयोग बाद.) जुन्यात खोड एकच होती, रेकॉर्ड थांबली की मागे एक बारीक घूं ऐकू यायची. कपॅसिटर थकल्याची खूण.

एका शनिवारी सोल्वायला बरोबर नेलं. परतताना गाडीत ती म्हणाली की मला जुना हवाय हे माझ्या तोंडावर लिहिलंय. मी म्हटलं, म्हणूनच तर मी बाईंना जुना ठेवा असं सांगणार आहे, नाहीतर तो अप्पलपोटेपणा होईल. ती म्हणाली की एकट्या बाईने असलं धूड सांभाळायचं, ते बिघडलं तर दुरुस्त करणारा शोधायचा, हा कुठला परोपकार? हेही खरंच होतं. म्हणजे नवा ठेवा सांगावं तर माझा स्वार्थ, जुना ठेवा सांगावं तर त्यांचं नुकसान. मी दोन्ही बाजू इतक्या हिरिरीने मांडल्या की शेवटी सोल्वाय म्हणाली, "स्वतःविरुद्ध खटला भरून हरायची इतकी घाई झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

तेव्हा मला (मला वाटलं तसं) शहाणपण सुचलं. एक थकलेला आणि एक धडधाकट, अशांची तुलना न्यायाची नाही. आधी जुना दुरुस्त करून घ्यावा, मग दोघांना सारख्या पायरीवर उभं करून निकाल द्यावा. बाई म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी, सोल्वाय आणि बाईंचे शेजारी अशा तिघांनी तो गाडीत चढवला. माझी कंबर अजून त्याची आठवण काढते. ऑर्हूसच्या एका वर्कशॉपमध्ये सगळे कपॅसिटर बदलून घेतले. (तुमच्याकडे आणला नाही, कारण तुमचा गुडघा. शिवाय तुम्ही हसला असतात.) तिथून निघाला तो असा की चालू आहे की बंद हे कळू नये. घूं साफ गेली.

सोल्वायला घेऊन मी विजयी मुद्रेने लोग्स्टरला गेलो. बाईंनी केक केला होता. रेकॉर्ड लावली, फारच सुरेख वाजली, संपली. बाई मान कलती करून तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, यंत्रावर हात ठेवून पाहिला, दिवा पाहिला आणि मला विचारलं की बंद पडला का. मी अभिमानाने म्हणालो की छे, चालू आहे, ती घूं काढून टाकली एवढंच.

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी नेहमी आत स्वयंपाकघरात असायचे. रेकॉर्ड संपली की ती घूं ऐकू यायची. म्हणजे यंत्र अजून चालू, आस्गर खुर्चीतच आहे, उठून बोटीकडे गेलेला नाही. मग मी कॉफी टाकायचे."

आणि त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली. वर मलाच धीर द्यायला म्हणाल्या की चांगलं केलंत मास्तर, अगदी स्वच्छ झालंय. दादा, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर केक तरी घशाखाली उतरला असता.

निकाल त्यांनीच दिला. जुना त्या ठेवणार, नवा मी न्यावा. तो सोल्वायच्या मांडीवर बसून घरी आला. चांगला आहे, खरंच चांगला आहे. त्यात खोट काढायला मी रोज बसतो आणि मला ती सापडत नाही. लगेचच्या सोमवारी मी जुने कपॅसिटर परत मागायला ऑर्हूसला गेलो, तर ते भंगारात गेले होते. तिथल्या कारागिराने मला दोनदा विचारलं की मला नेमकं काय हवंय. दोन्ही वेळा मला नीट सांगता आलं नाही.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, व्यायाम चुकवू नये, आणि इकडची काळजी नसावी.

तुमचा,
एस्किल्ड

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तुम्ही उभी हयात आख्ख्या फ्यून बेटावरच्या रेडिओंमधली गुणगुण हुसकून लावण्यात घालवलीत. जिला बाहेरचा रस्ता दाखवला, तिला आत आणायचा रस्ताही तुम्हाला ठाऊक असणार. कृपा करून लोग्स्टरला यावं आणि त्या अँप्लिफायरमध्ये ती घूं परत घालून द्यावी. फार मोठी नको. मधलं दार लावल्यावर शेजारच्या खोलीतला फ्रिज जेवढा ऐकू येतो तेवढीच. तुम्ही नुसतं खुर्चीत बसून बोट दाखवा, स्क्रू मी फिरवीन. आणि हसायचं असेल तर येताना रस्त्यातच हसून घ्यावं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात डाग्नीबाईंचा फोन आला. तुमच्याबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, जरूर येऊ द्या, पण एवढ्यात नको. काल त्यांनी त्यांच्या लग्नातली रेकॉर्ड लावली आणि दोन कडव्यांच्या मध्ये गाणारी बाई श्वास घेते तो, घूं नसल्यामुळे, त्यांना ऐकू आला. इतकी वर्षं ती रेकॉर्ड घरात वाजतेय, पण त्या आत स्वयंपाकघरात, आणि आस्गर बाहेर बैठकीत. समोर बसून त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. आता त्यांनी फळीवरची एकेक रेकॉर्ड काढून कोण कुठे श्वास घेतं ते बघायला सुरुवात केलीय. म्हणाल्या, सगळ्या होईपर्यंत घूं राहू दे बाजूला, ती नंतर येईलच. शनिवारी मला बोलावलंय. केक आहे, पण मध्ये बोलायचं नाही अशी अट घातलीय.