म्हातारी इथेनॉलवर

४ डिसेंबर

चि. नातीस आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. माझी पत्रं लिहून देणारी शेजारीण लेकीकडे गेलीय, म्हणून तुझ्या बापाला बसवलंय. तू नोकरी सोडून गॅरेज काढलंस तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. न बोलेना का! मी सांगते ते लिहायला तोंड थोडंच लागतं?

आजोबांची गाडी नेलीस, बरं केलंस. दारात नुसती गंजत होती. पण पेट्रोल सोडवून या वयात तिला इथेनॉल, म्हणजे दारूच की गं, पाजणार? तुझा बाप म्हणतो, म्हातारी दीडपट पिईल आणि भर रस्त्यात आडवी होईल. मी विचारलं, तुझे मित्र होतात तशी का? हे लिहायला त्याने बरेच आढेवेढे घेतले. लिहिलंय का ते कळव, मला मेलीला वाचता कुठे येतं!

वेळेवर जेवत जा. माया आहेच, तीही बिनभेसळीची.

तुझी आजी

१२ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

मित्रांचं वाक्य आलंय, पण इतक्या बारीक अक्षरात की भिंग घ्यावं लागलं.

इथेनॉलने जुनं रबर फुगतं, म्हणून गाडीच्या सगळ्या नळ्या बदलल्या. इंधन जास्त जावं म्हणून कार्बोरेटरचं जेट, म्हणजे त्याचं बारीक छिद्र, मोठं केलं. पण टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉलने सुटला, फिल्टर तुंबला, आणि आपलीही गाडी इथेनॉलवर करून घ्यायला आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकासमोर म्हातारी खोकून बंद पडली. आधी नीट शिकून या, म्हणाले ते गृहस्थ. आता टाकी धुतलीय. दुपारी मस्त पळते, सकाळच्या गारठ्यात मात्र रुसते. त्यासाठी सुरुवातीपुरती पेट्रोलची छोटी टाकी बसवतेय. चोवीस तारखेला, रविवारी सकाळी, तेच गृहस्थ पुन्हा येणार आहेत. तेव्हा नाही उठली तर माझ्या हाती दुसरी गाडी कोण देणार? गॅरेजला कुलूपच.

पत्र वाचून दाखवणाऱ्यालाही नमस्कार सांग. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी नात

१८ डिसेंबर

चि. नातीस आशीर्वाद.

फिल्टर तुंबल्याचं आलं तेव्हा तुझा बाप हसणार, म्हणून मी डोळे वटारूनच बसले होते. हसला नाही गं. उलट त्या गिऱ्हाइकावरच उखडला. शिकून या म्हणणारा हा कोण टिकोजी, त्याने जन्मात कधी टाकी उतरवलीय का, असं बरंच काही. तुझ्या नमस्काराशी येऊन अडखळला. चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

गाडी उठली नाही तरी तू खचू नकोस. मीही सकाळी दोन हाकांशिवाय उठत नाही, मला कोणी भंगारात घातलंय का?

झालं माझं सांगून. मघापासून मी गप्प आहे, तरी याचं पेन चालूच! काय लिहितोस विचारलं, तर म्हणतो तुझंच. मला एवढं कधी सुचतं? सांभाळून घे गं त्याला.

तुझी आजी

ता. क. रविवारी उजाडायच्या आत पोचतो. गाडी सुरू झाली तर त्या गृहस्थांना मागे बसव, पुढे तुझ्याशेजारी मी बसेन. नाही झाली, तर ढकलायला आहे.

— लेखनिक