फोनू कुणी मोडला

आबा,

तुमचा फोनू, तो भोंग्याचा ग्रामोफोन, मी विकला. कासुर्डीच्या अलीकडं हायवेला एक मटण-भाकरीचं हॉटेल झालंय, त्याच्या मालकानं घेतला. तुम्ही असतात तर असल्या ठिकाणी पाय ठेवला नसता, आणि ठेवला असता तर आधी मालकाला बोलावून आपण कोण ते सांगितलं असतं. त्यानं ऐकून घेतलं असतं की नाही, माहीत नाही. आता आपल्या मांडवगणात नवी पोरं तुमचं नाव घेतल्यावर 'कोण?' म्हणतात. सोसायटीच्या भिंतीवरचा तुमचा फोटो रंगकामाच्या वेळी उतरवला तो परत लागलाच नाही. हे तुम्हाला कळवायला मला बरं वाटतंय.

फोनू सापडला तो असा. तुमच्या लेकानं मला शिरूरला हक्कसोडीच्या सहीसाठी बोलावलं होतं. जमिनीत बहिणीचा हिस्सा असतो हे त्याला कायद्यानं कळलं, आणि बहिणीनं तो सोडायचा असतो हे तुमच्याकडून. सही केली. भांडायला मला कंटाळा आला होता. सही झाल्यावर तो एकदम प्रेमळ झाला, म्हणाला, "ताई, आता घरी चल, जेवूनच जा." जेवण व्हायचं होतं म्हणून मी मळ्यात गेले. पाण्याच्या मोटारीची जुनी खोली पाडायची होती, आतलं सामान बाहेर काढून टाकलेलं. खताच्या रिकाम्या गोण्या, गंजलेला स्टार्टर, आणि एका गोणीतून बाहेर आलेलं पितळी भोंग्याचं तोंड. चेपलं होतं एका बाजूला, पण मी ओळखलं. पेटी गोणीतच होती, वरून कोंबड्यांनी घाण केलेली.

"हे काय रे?" मी विचारलं.

"आबांचा फोनू. बंदच हाय तो. भंगारवाला आला की द्यायचाय."

"मी नेऊ?"

"ने की. न्हाईतरी तुला माहेरचं काय दिलंय आम्ही?" असं म्हणून तो हसला. सही करून आलेल्या बहिणीला असं म्हणायला माणसाला काय लागतं, ते त्याच्याकडं भरपूर आहे. तुमच्याकडूनच आलं असणार.

दौंडला घरी आणून मी तो पुसला. आयुष्यभर तिकिटाच्या खिडकीमागं बसलेली बाई मी, निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे. पुसताना सगळं आठवत गेलं. तुम्ही म्हणायचात, रेल्वेचा गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा खूश होऊन त्यानं तुम्हाला दिला. साहेब कशावर खूश झाला होता ते मात्र दरवेळी बदलायचं. एकदा तुम्ही त्याचं घोडं धरलं होतं, एकदा त्याच्या मेमला नदीतून काढलं होतं. आई आत भाकरी थापता थापता हळूच सांगायची, "रेल्वेच्या क्वार्टरात सामान इकायला काढलं हुतं, तितनं आणलाय. बैलगाडीत मीच धरून बसले हुते, भोंगा चेपू ने म्हणून." हे तिनं बाहेर येऊन कधी सांगितलं नाही. तुमच्या त्या साहेबाला नदीकाठी उभा ठेवून ती आत भाकऱ्या करत राहिली.

तुमचा तो दरबार मला चांगला आठवतो. पाव्हणे आले की बाहेरच्या खोलीत गादी पडायची, फोनूवरचं फडकं तुम्ही स्वतः काढायचात, चावी स्वतः भरायचात, आणि तबकडी लावून, मान डोलावत, गाण्यापेक्षा पाव्हण्यांच्या तोंडाकडंच बघत बसायचात. तुम्हाला गाण्यातलं काही कळत नव्हतं. तबकडी संपून सुई खरखरायला लागली तरी तुम्ही डोलत असायचात. आम्ही आतल्या दारापर्यंत यायचं, पुढं नाही. "बायकांनी हात लावायची वस्तू न्हाई ती," हे वाक्य मी शाळेतल्या कवितेआधी पाठ केलं असेल.

आणि मग ती दुपार. तुम्ही बाजार समितीच्या निवडणुकीसाठी शिरूरला गेलेले. धाकटा झोपलाय. आई चुलीपाशी सारवून उठते, पदराला हात पुसते, आणि कुणी बोलावल्यासारखी सरळ बाहेरच्या खोलीत जाते. मी मागं. ती फडकं काढते, चावी भरते. तुम्ही भरायचात तशी जोर काढून नाही, पाळणा हलवावा तशी. तबकडी कोणती घ्यायची तेही तिला ठाऊक आहे. एका बाईचा आवाज येतो, आणि आई गादीवर बसते. आबा, आमच्या घरात गादीवर बसलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून. एक बाजू ऐकली, तबकडी पाकिटात घातली, फडकं घातलं आणि भांडी घासायला गेली. बस्स, एवढाच तिचा गुन्हा.

फडकं उलटं पडलं होतं. तुम्ही आल्या आल्या ते पाहिलंत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीचं दार आतून लावून बसलात. आम्हाला वाटलं, सोसायटीचं काहीतरी काम असेल. मध्येच एकदा खर्रकन् मोठा आवाज झाला. आईनं विचारलं, "काय पडलं का हो?" तुम्ही आतून ओरडलात, "काय न्हाई. तुझं काम बघ."

पुढं कारखान्याची माणसं जेवायला आली. तुम्ही फडकं काढलंत, चावी भरलीत, तबकडी हललीच नाही. पाव्हणे बघत राहिले. आई ताटं घेऊन दारात आलेली. तुम्ही तिच्याकडं बोट करून सगळ्यांसमोर म्हणालात, "हिनं मोडला. माझ्या माघारी हात लावला. बायकांच्या हातात मशीन दिली की आसंच हुतं." पाव्हणे हसले. एकजण म्हणाला, "आवं, वहिनी, तव्यावरची भाकर हाय व्हय ती, उलटायला?" पुन्हा हसले. आई म्हणाली, "चुकलं." ताटं खाली ठेवली आणि आत गेली.

तो शब्द ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी नोकरीला लागल्यावर तिला टेपरेकॉर्डर घेऊन दिला, तिनं त्याचं बटण कधी दाबलं नाही. मिक्सर आणला, तर पाट्यावरच वाटत बसायची. मोबाइल दिला तेव्हा तो वाजला की शेजारणीला हाक मारायची, तिनं कानाला लावून दिला तर बोलायची. "नगं बाई, माझ्या हातात मशीन टिकत न्हाई." मी चिडायचे, ती हसायची. तुम्ही गेल्यावर बाराव्या-तेराव्याला आलेल्या बायकांना ती सांगत होती, "लई हौस हुती त्यांना गाण्याची. माझ्या हातनं मोडला फोनू." आणि दवाखान्यात, अगदी शेवटी, मला म्हणाली, "तुझ्या आबांचा फोनू नीट करून ठेवायचा ऱ्हायला बघ." मी हो म्हणाले. काय म्हणणार होते?

तर पेटी पुसून झाल्यावर मी ती पुण्याला एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडं नेली. आबा, तो माणूस तुम्हाला फार आवडला असता. डोळ्याला भिंग लावून त्यानं पेटीकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्या दारात मेलेली घूस आणून टाकलीय. "मॅडम, असे घरोघरी पडलेत. भोंगा चेपलेला, मशीन बंद. ह्यात काही राहिलेलं नाही. शोपीस म्हणून घेईन फार तर." खिडकीमागं इतकी वर्षं बसल्यावर एक कळतं. जो माणूस वस्तूला नावं ठेवत तिच्यावरचा हात काढत नाही, त्याला ती हवी असते. मी म्हटलं, "आधी उघडून तर बघा."

त्यानं वरची फळी सोडवायला घेतली आणि थांबला. "हे आधी कुणीतरी उघडलंय. स्क्रूच्या खाचा बघा कशा फाटल्यात. मोटारीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर घातलाय इथं, अडाण्यानं." फळी उचलली. आत एका कोपऱ्यात कापडाची गुंडाळी होती. त्यानं ती काढून माझ्यासमोर ठेवली.

तुमची पान-सुपारीची चंची होती, आबा. त्याच सुमारास यवतच्या बाजारात हरवली म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, ती. एका कप्प्यात सुपारीचं वाळकं खांड, एकात चुन्याची डबी, आणि मधल्या कप्प्यात पितळेचे बारके गोळे, पोलादाच्या पातळ पट्ट्या आणि थोडे स्क्रू.

"हा गव्हर्नर," दुकानदार म्हणाला. "तबकडीचा वेग हाच धरून ठेवतो. चावी भरलेली असताना कुणीतरी हा सोडवलाय, सगळी स्प्रिंग एकदम सुटली असणार. आवाज झाला असेल मोठा. एक सुटा स्क्रू चाकांत अडकून बसलाय, म्हणून तबकडी हलत नाही. मग घाबरून तसंच झाकलेलं दिसतंय."

"चावी जास्त भरली म्हणून असं होतं का?"

"चावीनं? छे. स्प्रिंग धड आहे. मोडलेलं काहीच नाही. हे असं करायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं."

मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. तिनं काय बिघडवलं ते शोधायला तुम्ही पेटी उघडलीत. तिनं काहीच बिघडवलं नव्हतं. तुम्हीच बिघडवलंत, आणि परत जोडता येईना. पंपाचा स्टार्टरही तुम्ही असाच उघडायचात आणि मग वायरमनला बोलावून त्यालाच शिव्या द्यायचात. इथं वायरमन नव्हता, म्हणून बायको घेतलीत. मला राग येईल असं वाटलं होतं. राग नाही आला. चारचौघांत छाती काढून फिरणारा एक माणूस दार लावून बसलाय, हातात पितळेचे गोळे आहेत, ते कुठं बसतात ते कळत नाही, बाहेरून बायको विचारतेय काय पडलं म्हणून, आणि त्याला घाम फुटलाय, असं चित्र दिसलं. मला किळस आली. तुम्ही इतके लहान होतात हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

मी दुकानदाराला म्हटलं, "बसवून दाखवा, मग बोलू." त्यानं कुरकुरत बसवला, जुनं घट्ट झालेलं ग्रीस खरवडलं, तेल सोडलं, त्याच्याकडची एक तबकडी लावली. फोनू गायला लागला. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच त्यानं तो आवरला. भाव मात्र तोच सांगितला, शोपीसचा. मी पेटी उचलली. दारापर्यंत तो भाव वाढवत आला, रिक्षापर्यंतही आला.

मग तुमचा लेक आला दौंडला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जुन्या फोनूला किंमत येते. चहा हातात घेऊन म्हणाला, "ताई, घरची वस्तू हाय ती. आबांची आठवण. तिचं काय ते दोघांत बघू." भंगारात घालायला काढलेली आठवण! मी त्याच्यासमोर चंची ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आईचं काहीतरी म्हणेल. म्हणाला, "आता कशाला उकरती? दोघंबी गेली. आन् हे बाहेर कुठं बोलू नगस, पंचायतीची निवडणूक हाय." मग कप खाली ठेवून, "गिऱ्हाईक बघितलंस का?"

गिऱ्हाईक मी बघितलं होतं. हॉटेलवाला तरणा आहे, गळ्यात जाड चेन, भिंतींवर नांगर, जातं, कंदील टांगलेत. ज्यांच्या आज्यांनी जात्यावर हात सोलून घेतले ती मंडळी त्या जात्यापाशी उभी राहून फोटो काढतात. तो म्हणाला, "मावशी, वाजला न्हाई तरी चालंल, भोंगा दिसला पायजे." मी म्हटलं, "रोज वाजवणार असशील तर देते. आणि वाजवायला बाई ठेव." त्याला ते आवडलं, गंमत वाटली. भाकऱ्या करणाऱ्या बायकांपैकी एकीला त्यानं हाक मारली. तिनं हाताचं पीठ पुसलं, मी चावी कशी भरायची ते दाखवलं, आणि तिनं भरली. गिऱ्हाईकं माना वळवून बघायला लागली.

"कुणाचा हुता म्हणून लिहू? पाटी लावायचीय," मालकानं विचारलं.

"माझ्या आईचा," मी म्हटलं, आणि तिचं नाव सांगितलं, तिच्या माहेरच्या गावासकट.

पाटी लागलीय. तुमच्या लेकानं जाताना वाचली आणि गाडी थांबवून फोन केला. "आबांचं नाव का न्हाई? लोकं इच्यारत्याल." मी म्हटलं, "इच्यारू दे." खोटं आहे ते, मला कळतं. फोनू तिचा कधीच नव्हता. पण ह्या खोट्यापायी मला तुमच्यासारखी गोऱ्या साहेबाची मेम नदीत बुडवावी लागली नाही.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, आणि पोचला असता तरी तुम्ही तो कुणाकडून तरी वाचून घेऊन मध्येच थांबवला असता. आणखी एक सांगायचं राहिलं. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की आज तुम्हाला अरे-तुरे करायचं. 'तू असा होतास, तू तसं केलंस.' पहिली ओळ तशी लिहिलीसुद्धा. वाचली आणि कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. घरात मी एकटी, विचारणारं कुणी नाही, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालेली, आणि हात धजेना. एवढं सगळं तुमच्याविषयी वाईट लिहिलं, आबा, पण ते सगळं 'तुम्ही' म्हणूनच लिहावं लागलं.